आधी नमुना सही बघा

गडमुडशिंगीहून आम्ही बचत गटातल्या बाया बोलतोय. हातातलं काम थांबवू नका. भाकरी थापत ऐका, धार काढत ऐका. आजचा विषय कॉम्प्युटरचा आहे, पण म्हणून रेडिओ बंद करू नका. आज जे सांगणार आहोत त्याची निम्मी शिकवण तुम्हाला बँकेच्या खिडकीवर आधीच मिळालेली आहे.

गावोगावच्या बैठकांत एक प्रश्न आम्हाला हमखास येतो. सगळ्यांसमोर तो कुणी विचारत नाही. बैठक उठली, सतरंजी गुंडाळायला घेतली, की एखादी बाई मागं रेंगाळते आणि हळूच म्हणते, "ताई, घरच्या लॅपटॉपवर मी काय बघितलं ते घरातल्यांना कळतं का?" कुणाला मारहाणीबद्दल कायदा काय म्हणतो ते वाचायचं असतं. कुणाला माहेरच्या जमिनीतल्या हिश्श्याची माहिती हवी असते. कुणाला अंगावरच्या दुखण्याबद्दल वाचायचं असतं, जे सासूपुढं बोलता येत नाही.

या प्रश्नाचं खरं उत्तर आहे, हो, कळतं. कुठलं पान उघडलं याची यादी ब्राउझर ठेवतो. उतरवून घेतलेली फाइल डाउनलोडच्या फोल्डरमध्ये पडून राहते. यादी पुसली तरी मशीनमध्ये इकडं तिकडं खुणा उरतात. आणि पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर कुणी मुद्दाम टाकलेलं असेल, तर तुम्ही दाबलेलं अक्षरन् अक्षर त्याला दिसतं.

यावर एक उपाय आहे आणि तो फुकट आहे. त्याचं नाव टेल्स.

टेल्स म्हणजे काय ते आधी बघू. कॉम्प्युटर सुरू केला की सगळ्यात आधी जागा होतो तो त्याचा कारभारी. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. बहुतेक मशीनवर हा कारभारी विंडोज असतो. तो त्या घरचा आहे, घरात काय झालं ते त्याला माहीत असतं आणि तो लक्षातही ठेवतो. टेल्स हा दुसरा कारभारी. तो मशीनमध्ये राहत नाही, पेनड्राइव्हमध्ये राहतो. कॉम्प्युटर बंद करायचा, पेनड्राइव्ह लावायचा आणि पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. विंडोज झोपलेलीच राहते, सगळा कारभार टेल्स बघतो. काम झालं, बंद केलं, पेनड्राइव्ह काढला, की तो सगळं विसरतो. त्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर तो आपणहून काही लिहीत नाही. इंटरनेटवर जातानाही तो थेट जात नाही. टॉर नावाच्या जाळ्यातून, तीन ठिकाणी वळणं घेऊन जातो. त्यामुळं इंटरनेट पुरवणाऱ्याला एवढंच दिसतं की कुणीतरी टॉर वापरलं. कोणतं पान वाचलं ते दिसत नाही.

टेल्स २००९ पासून आहे. अमेरिकी सरकारची गुप्त पाळत २०१३ साली एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केली, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्याशी बोलणाऱ्या पत्रकारांनी टेल्स वापरलं होतं. २०२४ साली टेल्स आणि टॉर हे दोन्ही प्रकल्प एक झाले. पण हे फक्त मोठ्या बातम्यांसाठी नाही. ज्यांच्यासाठी टेल्स बनवलं आहे असं ते बनवणारे सांगतात, त्यात पत्रकार आहेत, कार्यकर्ते आहेत, आणि घरातल्या पाळतीतून, मारहाणीतून सुटू बघणाऱ्या बायाही आहेत.

आता मुद्द्याची गोष्ट. ज्या बाईला टेल्सची गरज आहे, ती त्याच्यासमोर आपलं मन मोकळं करणार. वकिलाला काय लिहायचं ते त्यात लिहिणार. मग तो पेनड्राइव्हमधला कारभारीच नकली निघाला तर? टेल्सच्या नावाखाली दुसऱ्याच कुणी बनवलेली फाइल तिच्या हाती पडली तर? विंडोजपुढं ती निदान सावध तरी होती. नकली टेल्सपुढं ती निर्धास्त बसेल. म्हणून टेल्स उतरवून घेण्यापेक्षा ते खरं आहे की नाही हे तपासणं मोठं काम आहे. आजचं आमचं सगळं बोलणं या तपासण्यावर आहे.

आता बँकेच्या खिडकीवर चला. आपल्या गटाचं खातं अध्यक्ष आणि सचिव यांच्या सहीनं चालतं. पैसे काढायला स्लिप भरून दिली की बँकेतला माणूस काय करतो? सह्या बघतो. कशाशी ताडून बघतो? स्लिप घेऊन आलेल्या बाईला तो असं म्हणत नाही की, "बाई, अध्यक्षांची सही कशी असते ते तुम्हीच एका कागदावर दाखवा बघू." खातं उघडलं त्या दिवशी घेतलेली नमुना सही त्याच्याकडं असते. स्लिप आज आली, नमुना सही आधीच आलेली. स्लिप एकीनं आणली, नमुना सही ज्यांची त्यांनी समोर बसून केलेली. या दोन वाटा वेगळ्या आहेत, म्हणूनच तपासणीला अर्थ आहे.

मैत्रिणींनो, आज एवढंच लक्षात ठेवलं तरी चालेल. वस्तू ज्या वाटेनं आली, खात्री त्याच वाटेनं घ्यायची नाही. खात्रीची वाट वेगळी हवी.

सोन्याचं बघा. १ एप्रिल २०२३ पासून सराफाला हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी नंबर असल्याशिवाय दागिना विकता येत नाही. कोल्हापुरात गुजरीत गेलात की भिंगातून तो नंबर दाखवतात. पण नंबर काय, कुणीही कोरेल. म्हणून तो नंबर बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये घालून बघायचा असतो. दागिना दुकानातून आला, खात्री दुसरीकडून आली.

जनावरांच्या खाद्याचं बघा. गोकुळचा पशुखाद्याचा कारखाना आपल्या गावातच आहे, पोती आपल्या ओळखीची. पण कुठल्याही पोत्यावरचं छापील नाव बघून आपण रस्त्यावरच्या अनोळखी टेम्पोतून खाद्य घेत नाही. रिकामं पोतं कुणीही भरून शिवू शकतो. आपण दूध संस्थेतून घेतो. म्हणजे आपण नावापेक्षा वाट बघतो.

आता हीच गोष्ट कॉम्प्युटरच्या फाइलला कशी लावायची? त्यासाठी दोन शब्द शिकायचे आहेत. एक ठसा, दुसरा सही.

आधी ठसा. रेशन दुकानात अंगठा लावतो, कारण एकीचा अंगठा दुसरीसारखा नसतो. प्रत्येक फाइललाही असा ठसा असतो. कॉम्प्युटर सगळी फाइल वाचतो आणि हिशेब करून एक ओळ काढतो. या हिशेबाची एक पद्धत शा-२५६ नावाची आहे. तिची ओळ ६४ अक्षर-अंकांची असते. फाइल केवढीही मोठी असो, ओळ एवढीच. पण फाइलमधलं एक टिंब जरी बदललं, तरी सगळी ओळ बदलून जाते. म्हणून बनवणाऱ्यांनी सांगितलेला ठसा आणि आपल्या फाइलचा ठसा जुळला, तर फाइल वाटेत बदललेली नाही, अर्धवटही उतरलेली नाही.

पण इथंच एक मेख आहे. तो ठसा तुम्हाला सांगितला कुणी?

२० फेब्रुवारी २०१६ ची गोष्ट ऐका. लिनक्स मिंट नावाची एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम आहे, जगभर लाखो लोक वापरतात. त्या दिवशी चोरांनी तिच्या संकेतस्थळात घुसून डाउनलोडची जोडणी बदलली. पान तेच, रंग तोच, नाव तेच, पण बटण दाबलं की चोरांनी बनवलेली फाइल उतरायची. तिच्यात मागचं दार ठेवलेलं होतं. हल्ला करणाऱ्यानं पुढं एका वार्ताहराला सांगितलं, की पानावर लिहिलेला ठसाही त्यानं बदलून आपल्या नकली फाइलचा टाकला होता. आता विचार करा. एखाद्या सावध माणसानं त्या पानावरचा ठसा ताडून बघितला असता, तर तो जुळलाच असता! स्लिप आणि नमुना सही एकाच चोराच्या हातात असल्यावर दुसरं काय होणार?

मिंटवाल्यांना हे लगेच लक्षात आलं, त्यांनी संकेतस्थळ बंद केलं आणि सगळ्यांना उघडपणे सांगितलं. पण धडा कायमचा आहे.

हाच धडा आपल्या कोल्हापूरपर्यंतही येऊन गेलेला आहे. ऑगस्ट २०१८. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक. ११ आणि १३ ऑगस्ट या दोन दिवसांत चोरांनी बँकेचे ९४ कोटींहून जास्त रुपये पळवले. त्यातले बरेचसे पैसे नकली कार्ड वापरून एटीएममधून काढले गेले, २८ देशांत, आणि भारतातही. भारतातल्या ज्या गावांत एटीएमवर ही कार्डं चालवली, त्यात कोल्हापूरही होतं.

नकली कार्डाला एटीएमनं पैसे कसे दिले? एटीएम स्वतः काही ठरवत नाही. कार्ड घातलं की ते बँकेला विचारतं, "या खात्यात पैसे आहेत का? देऊ का?" बँकेची यंत्रणा हो म्हणाली की नोटा बाहेर येतात. चोरांनी बँकेच्या जाळ्यात शिरून या प्रश्नाची वाटच वळवली. प्रश्न बँकेच्या खऱ्या यंत्रणेकडं पोचलाच नाही. मधे बसवलेली चोरांची यंत्रणा प्रत्येक वेळी हो म्हणत राहिली. एटीएमनं विचारलं होतं, त्याला उत्तरही मिळालं होतं. पण उत्तर देणारा चोर होता. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयानं या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं. पण आपण धरायची गोष्ट वेगळी आहे. तपासलं का, एवढं विचारून भागत नाही. तपासताना हो कोण म्हणालं, हे विचारावं लागतं.

म्हणून दुसरा शब्द, सही. ही डिजिटल सही असते. टेल्स बनवणाऱ्यांकडं दोन किल्ल्यांची जोडी आहे. एक गुप्त किल्ली, ती फक्त त्यांच्याकडं. दुसरी उघडी किल्ली, ती साऱ्या जगाला दिलेली. गुप्त किल्लीनं फाइलवर सही होते. उघड्या किल्लीनं ती सही तपासता येते, पण नवी सही करता येत नाही. म्हणजे उघडी किल्ली ही बँकेतल्या नमुना सहीसारखी. ती कुणीही बघावी, पण बघून कुणाला गटाच्या खात्यातले पैसे काढता येणार नाहीत. चोर संकेतस्थळात शिरला, फाइल बदलली, ठसा बदलला, तरी गुप्त किल्ली त्याच्या हाती नाही. नकली फाइलवर त्याला खरी सही करता येत नाही.

एवढं समजलं की पुढची कामं सोपी आहेत. आता एकेक पायरी सांगतो. गटातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला शेजारी बसवा आणि लिहून घ्या.

पहिली पायरी, तयारी. एक रिकामा पेनड्राइव्ह, किमान ८ जीबीचा. त्यात आधी जे असेल ते सगळं पुसलं जाणार आहे. लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका. कॉम्प्युटरची रॅम किमान ३ जीबी हवी. मोबाइलवर टेल्स चालत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे, जिच्यावर घरात पाळत आहे तिनं हे काम घरच्या लॅपटॉपवर करायचं नाही. टेल्स उतरवून घेतल्याची नोंदच तिथं राहील. मैत्रिणीच्या, गटाच्या, विश्वासाच्या कॉम्प्युटरवर करा.

दुसरी पायरी, पत्ता. संकेतस्थळाचा पत्ता हातानं टाइप करा. टी, ए, आय, एल, एस, मग टिंब, मग एन, ई, टी. टेल्स डॉट नेट. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून जायचं नाही. गुगलवर शोधून सगळ्यात वर आलेल्या जाहिरातीवरही दाबायचं नाही. पत्ता टाकल्यावर एकदा अक्षरं वाचून बघा. एखादं अक्षर जास्तीचं, एखादी रेघ मधे, असं असेल तर बाहेर या.

तिसरी पायरी, डाउनलोड. फाइल दीड-दोन जीबीची असते. आपल्याकडं लाइट जाते, नेट तुटतं, म्हणून निवांत वेळ बघून लावा. ती चालू असताना दुसऱ्या कुठल्या ठिकाणाहून "लवकर उतरणारी" फाइल घेऊ नका.

चौथी पायरी, तपासणी. टेल्सच्या त्याच डाउनलोड पानावर फाइल तपासायचं बटण आहे. ते दाबून उतरलेली फाइल निवडायची. तुमचा ब्राउझर तिथंच फाइलचा ठसा काढतो आणि खऱ्या ठशाशी ताडतो. फाइल कुठं पाठवली जात नाही. जुळलं तर तसं हिरव्या खुणेनं सांगतो. नाही जुळलं, तर ती फाइल पुसून टाका आणि पुन्हा उतरवा. दुसऱ्यांदाही नाही जुळलं, तर दुसरं नेट, दुसरा कॉम्प्युटर घ्या. "एवढा वेळ गेलाय, आता असू दे" असं म्हणून न जुळलेली फाइल वापरायची नाही. फाटलेल्या दुधाचं विरजण लावून दही होत नाही.

तुम्ही म्हणाल, बटण तर त्याच संकेतस्थळाचं आहे, मग वाट वेगळी कुठं झाली? बरोबर विचारलंत. फाइल पुष्कळदा मदतनीसांनी चालवलेल्या दुसऱ्याच सर्व्हरवरून येते आणि ठसा टेल्सच्या पानावरून येतो. म्हणजे थोडी वेगळी वाट आहे. नेट तुटून फाइल अर्धी उतरली, मधल्या कुणी बदलली, एवढं यात पकडलं जातं. पण मिंटसारखं पानच चोरांच्या ताब्यात गेलं, तर ही तपासणी अपुरी पडते. बहुतेकींना चौथी पायरी पुरते. जिच्या जिवाशी गाठ आहे, तिच्यासाठी पाचवी.

पाचवी पायरी, सही. डाउनलोड पानावर फाइलसोबत सहीची एक छोटी फाइल मिळते आणि टेल्सची उघडी किल्लीही मिळते. विंडोजवर क्लिओपात्रा नावाच्या फुकट प्रोग्रॅमनं सही तपासता येते. लिनक्सच्या बहुतेक मशीनवर त्याचं साधन आधीच असतं. तपासल्यावर बऱ्याचदा दोन गोष्टी एकदम दिसतात. सही जुळली असं एक वाक्य, आणि किल्लीवर भरवसा नाही असा इशारा. घाबरू नका. तो प्रोग्रॅम बँकेतल्या माणसासारखा प्रामाणिक आहे. तो म्हणतोय, "सही या नमुन्याशी जुळते. पण हा नमुना खरोखर त्यांचाच आहे का, हे मला कुणी सांगितलेलं नाही."

ते आपण शोधायचं. उघड्या किल्लीलाही स्वतःचा ठसा असतो, ४० अक्षर-अंकांचा. तो दुसऱ्या वाटेनं आणा. दुसऱ्या गावातल्या मैत्रिणीला तिच्या नेटवरून, तिच्या कॉम्प्युटरवर बघायला सांगा आणि फोनवर चार-चार अक्षरं वाचून जुळवा. कॉलेजातल्या कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईंकडं जुनी किल्ली साठवलेली असेल तर तिच्याशी जुळवा. डेबियन नावाचा एक जुना, जगभर नावाजलेला प्रकल्प आहे. टेल्स त्याच्यावरच उभं आहे. त्याच्या जाणत्या माणसांनी टेल्सच्या किल्लीवर आपल्या सह्या केलेल्या आहेत, तीही एक वाट आहे. जितक्या वाटा वेगळ्या, तितकी खात्री पक्की. एका चोराला एक पान बदलता येईल, पण कणेरीच्या मैत्रिणीचा फोन, कॉलेजातली जुनी किल्ली आणि डेबियनच्या सह्या, हे सगळं एकदम बदलता येणार नाही.

किल्ली एकदा अशी तपासून ठेवली की दर वेळी हा खटाटोप नाही. नमुना सही रोज घ्यावी लागत नाही, तसंच.

सहावी पायरी, फाइल पेनड्राइव्हवर चढवायची. विंडोजवर त्यासाठी रूफस नावाचा प्रोग्रॅम वापरतात. तोही टेल्सच्या पानावरच्या सूचनेतूनच घ्या. मग शिफ्ट दाबून धरून कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा आणि पेनड्राइव्हवरून सुरू करायचा.

एक सोपी वाटही आहे. एखाद्या विश्वासाच्या मैत्रिणीकडं तपासलेलं टेल्स असेल, तर तिच्या पेनड्राइव्हवरून तुमच्या पेनड्राइव्हवर उतरवून घेता येतं. विरजण आणल्यासारखं. पण मग भरवसा त्या मैत्रिणीचा. बाजारात, ऑनलाइन, कुणी तयार टेल्सचा पेनड्राइव्ह विकत देत असेल, तर घेऊ नका. आणि टेल्सची नवी आवृत्ती साधारण दर महिन्याला येते. नव्या आवृत्तीची सही टेल्स स्वतःच तपासतं, कारण नमुना सही त्याच्या पोटात आधीच ठेवलेली असते. ती घेत राहा. जुनं ठेवून उपयोग नाही.

आता टेल्स काय करू शकत नाही तेही ऐका. टेल्समधून तुम्ही स्वतःच्या नावाच्या फेसबुकवर गेलात, तर तिथं तुम्ही तुम्हीच. तुमच्या खांद्यावरून कुणी बघत असेल, तर टेल्स त्याचे डोळे झाकत नाही. कीबोर्डच्या वायरीत कुणी टिपणारं यंत्र बसवलं असेल, तर तेही टेल्सला दिसत नाही. आणि पेनड्राइव्ह सापडला तर प्रश्न येणारच. तो कुठं ठेवायचा हे आधी ठरवा. गटाच्या कपाटात ठेवणं बरं.

ज्या बाईच्या जिवाला आज, आत्ता धोका आहे, तिनं कॉम्प्युटर शिकत बसू नये. ११२ ला फोन करा. महिलांसाठी १८१ आहे. घरच्या फोनवर केलेल्या फोनची नोंद राहते, म्हणून शेजारणीचा, अंगणवाडी ताईंचा फोन वापरा. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा आहे. त्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, त्यांच्याकडं तक्रार करता येते. घरात राहण्याचा हक्क, खर्च, संरक्षणाचा आदेश, हे सगळं त्या कायद्यात मागता येतं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडं ना लॅपटॉप ना पेनड्राइव्ह. आमच्या हातात फोन आहे. मग हे ऐकून काय उपयोग? उलट सगळ्यात जास्त उपयोग तुम्हालाच. व्हॉट्सॲपवर एक फाइल येते. वर लिहिलेलं असतं, गाडीचं चलन, नाहीतर पीएम किसान, नाहीतर लग्नाची पत्रिका. फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब आणि ए, पी, के अशी अक्षरं असतात. ती पत्रिका नसते, ते ॲप असतं. ते बसवलं की तुमचे मेसेज, ओटीपी दुसऱ्याच्या हातात. लग्नाची पत्रिका कधी ॲप होऊन येत नाही. तसंच योजनांचं. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली, पुढं तिची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा खऱ्यासारखी दिसणारी बनावट संकेतस्थळं निघाली. बायांनी पान बघितलं, नाव बघितलं, रंग बघितले. बघायचा होता पत्ता.

फोनला नियम तोच. ॲप प्ले स्टोअरवरूनच, तेही बनवणाऱ्याचं नाव वाचून. सरकारी पानाचा पत्ता शेवटी गव्ह डॉट इन असा आहे का ते बघून. आणि बँकेच्या नावानं फोन आला, तर त्या माणसानं दिलेल्या नंबरवर उलटा फोन करायचा नाही. पासबुकवर छापलेल्या नंबरवर करायचा. पासबुक तुमच्या कपाटात आधीपासून आहे. ती तुमची नमुना सही.

पैसे गेलेच, तर वेळ घालवू नका. लगेच १९३० ला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे वाटेत अडवायची आशा जास्त. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पानावरही तक्रार करता येते. लाजू नका. "मला कळायला हवं होतं" असं म्हणत बसलं तर चोराला वेळ मिळतो.

पुढच्या बैठकीत एक काम करा. हिशेब झाला, वसुली झाली, की पाच मिनिटं काढा. प्रत्येकीनं आपल्या फोनवर आलेली अशी एक फाइल किंवा लिंक, न उघडता, सगळ्यांना दाखवायची. मग तीन प्रश्न विचारायचे. ही वस्तू कुठल्या वाटेनं आली? ती खरी आहे असं कोण म्हणतं? आणि तो म्हणणारा त्याच वाटेवरचा आहे का? तिसऱ्या प्रश्नाला हो उत्तर आलं, तर ती वस्तू बाजूला ठेवा आणि दुसरी वाट शोधा. बँकेचं पासबुक, दूध संस्थेचं कार्यालय, ग्रामपंचायत, अंगणवाडी ताई, लेकीच्या कॉलेजातल्या बाई, या सगळ्या तुमच्या वेगळ्या वाटाच आहेत.

आणि ज्या गटांकडं कॉम्प्युटर आहे, त्यांनी एक टेल्सचा पेनड्राइव्ह बनवून, तपासून ठेवावा. किल्लीचा ४० अक्षरांचा ठसा गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवावा, तारीख घालून, दोघींच्या सह्या करून. उद्या एखादी बाई सतरंजी गुंडाळताना मागं रेंगाळली, तर तिला नुसतं उत्तर देण्यापेक्षा खात्रीची वस्तू देता येईल.

नंबर पुन्हा सांगतो, लिहून घ्या. तातडीच्या मदतीला ११२. महिलांसाठी १८१. ऑनलाइन फसवणुकीला १९३०. हे नंबरही आम्ही सांगितले म्हणून मानू नका. पोलीस ठाण्यात, पंचायतीत विचारून ताडून बघा. आमचीही नमुना सही बघा, मैत्रिणींनो.

नमस्कार.